चौकड्याची पट्टी, रेघांची पट्टी

१२ एप्रिल. सकाळपासून पट्ट्या कापते आहे. बोटभर रुंद, वीतभर लांब. कटिंगच्या टेबलाखाली वर्षभर साठलेल्या चिंध्यांची दोन पोती आहेत. त्यातल्या लांबोड्या चिंध्या निवडायच्या, तळहातानं सरळ करायच्या, कापायच्या आणि जुड्या बांधून ठेवायच्या. शिवलेल्या शर्टांच्या प्रत्येक बंडलाला एक पट्टी लागते. बंडल कोणत्या टेबलावर शिवलं ते पट्टीवरून कळतं. पट्टीचं काम एवढंच.

युनिफॉर्मचा सीझन सुरू झाला. सोलापुरात परीक्षा संपून मुलं घरी बसतात तेव्हा आमच्याकडे शाळा भरते. एप्रिल, मे आणि अर्धा जून. वर पत्रा, खाली चाळीस मशीन, पंख्यातून येणारं वारं भट्टीतून आल्यासारखं. कोऱ्या टेरिकॉटला एक वास असतो, खळीचा आणि थोडा रॉकेलसारखा. तो वास आला की माझे खांदे आपोआप दुखायला लागतात. सव्वीस सीझन झाले. आता दुखणं आधी येतं आणि काम मागून.

मी चेकिंगला असते. शर्ट माझ्या टेबलावर येतो, मी उलटा करते, शिवणी बघते, कॉलर बघते, काज-बटण बघते. नीट असेल तर डावीकडे, नसेल तर उसवायला उजवीकडे. मजल्यावरच्या बायकांची जबाबदारीही माझ्याकडेच. नाव शैला, पण सीझनमध्ये मला बहुतेक 'ओ ताई' एवढंच ऐकू येतं.

यंदा शेठ घरी बसले आणि कारखाना त्यांच्या मुलीनं हातात घेतला. हुशार मुलगी आहे, बोलते व्यवस्थित. परवा म्हणाली, "शैलाताई, दोन टीम करू या. चढाओढ असली की काम उठतं. भिंतीवर बोर्ड लावू, रोज कोण पुढं ते लिहू." मी बरं म्हटलं. मग म्हणाली, "आणि बारमाही बाईचं नाव तेरा तारखेला द्या. यंदा सॅम्पल आधीच सुरू करायचेत."

बारमाही म्हणजे सीझन संपला तरी जिला घरी जावं लागत नाही ती. बाकीच्या एकोणचाळीस जणी जूनमध्ये जातात. कोणी शेतात, कोणी धुण्याभांड्याला, बऱ्याच जणी विड्या वळायला. एकच जण राहते, पुढच्या वर्षाचे सॅम्पल शिवायला. नाव मी द्यायचं असतं. याआधी एकदाच दिलं होतं, चौदा वर्षांपूर्वी.

हातातली ही चिंधी चौकड्याची आहे. बारीक निळे चौकडे, पांढऱ्यावर. तेव्हाही अशीच होती.

त्या सीझनच्या आधी बायका आपापल्या गल्लीनं, भाषेनं बसायच्या. खिडकीकडे तेलुगू बोलणाऱ्या, पाण्याच्या पिंपाजवळ कानडी, दाराकडे दखनी उर्दू, आणि पंख्याखाली आमच्यासारख्या खेड्यातून शहरात आलेल्या मराठी. डबे तसेच उघडायचे, भांडणंही तशीच व्हायची. पंखा कोणाकडे फिरवायचा यावर रोज एक फेरी. मला कंटाळा आला होता. शेठ म्हणाले, ऑर्डर मोठी आहे, दोन टेबलं करा. मला वाटलं, बरी संधी आहे, सगळ्यांना एकदाचं मिसळून टाकू. एका स्टीलच्या डब्यात वीस पट्ट्या चौकड्याच्या टाकल्या, वीस रेघांच्या. डोळे मिटून काढा म्हटलं. जी पट्टी हातात येईल ते टेबल.

मल्लम्माच्या हातात रेघा आल्या.

मल्लम्मा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. अक्कलकोटकडची, घरात कानडी, बाहेर मराठी. आमच्याच गल्लीत राहायची. नऊ वर्षं आम्ही एका बसनं आलो-गेलो होतो. भाकरी माझी, शेंगाचटणी तिची, डबा एकच. तिच्यासारखी कॉलर मजल्यावर कोणी शिवत नव्हतं. कॉलर शिवून उलटी केली की तिची टोकं बाहेर काढावी लागतात. सगळ्या जणी आतून कात्रीचं टोक खुपसतात. मल्लम्मा शिवतानाच कोपऱ्यात एक दोरा घालून ठेवायची, उलटी करताना तो हळूच ओढायची आणि मग काढून टाकायची. टोक असं यायचं की बोटाला टोचावं.

डबा फिरून झाला तेव्हा त्या दिवशी न आलेल्या बायकांच्या पट्ट्या तळाला उरल्या होत्या. मल्लम्मानं तो माझ्यापुढे खुळखुळवला.

"तू बी काढ की, शैला. तू काय आबाळातनं पडलीस?"

"अक्का, मला कशाला? मी चेकिंगला."

"काढ गं. गंमत."

सगळ्या हसायला लागल्या. मी काढली. चौकडे.

एवढंच झालं. ती पट्टी मी मनगटाला बांधली आणि दिवसभर विसरले. संध्याकाळी सोडून टाकली असती तर बरं झालं असतं, पण पिन टोचायला आणि दोरा पुसायला ती सोयीची होती, म्हणून राहिली.

मिसळायचं माझं काम मात्र फत्ते झालं. चार दिवसांत खिडकीतली तेलुगू अंबुबाई आणि दारातली शमीम एका बाकावर बसून जेवायला लागल्या, कारण दोघी रेघांच्या. पंख्याची भांडणं गल्लीवरून व्हायची बंद झाली. मी स्वतःवर खूश होते. आठवड्याभरात पंख्याची भांडणं टेबलावरून सुरू झाली.

"ए रेघावाल्यांनो, आधी एक रेघ तर सरळ मारा!"

"तुमाला चौकडे मोजाया तरी येत्यात का गं?"

"हौ, उनो मोजतेच बैठे, इधर आमचा माल गया बी," असं शमीमचं.

गंमतच होती. मीही हसत होते. फक्त हळूहळू मी एका बाजूच्या विनोदाला जास्त हसायला लागले. जेवायला चौकड्यांकडे बसायला लागले, कारण माझी पट्टी तिकडची होती आणि त्या "या ताई" म्हणून सरकून जागा करायच्या. पहिल्या दिवशी मल्लम्मानं लांबून डबा वर करून दाखवला. मी हातानं सांगितलं, उद्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिनं डबा वर केला नाही. भाकरीला मी चटणी घरून आणायला लागले. तिच्यासारखी मला कधी जमली नाही, मिरची जास्त होते.

आमच्या अपार्टमेंटला दोन विंग आहेत. घर घेताना मला बी विंगमध्ये हवं होतं, हवा येते म्हणून, पण शिल्लक ए मध्ये होतं. आता पाच-सहा दिवसांनी पाणी येतं तेव्हा मी जिन्यात उभी राहून "बीवाल्यांनी मोटार लावली बघा" म्हणून ओरडते. ज्या विंगमध्ये मला राहायचं होतं, त्याच विंगवर. नवरा म्हणतो, तुला तिकडं घर मिळालं असतं तर? मी म्हणते, मग एवाल्यांनी लावली असती. हे मला कळतं. कळून ओरडणं थांबत नाही. चौदा वर्षांपूर्वी तर कळतही नव्हतं.

चेकिंगच्या टेबलावर काय होत होतं ते मला आज नीट दिसतं. बंडल यायचं, वर पट्टी असायची. डोळा आधी पट्टीवर जायचा आणि मग शिवणीवर. चौकडा असला आणि टीप जराशी हललेली असली तर मी म्हणायची, चालतंय, धुतल्यावर बसेल. रेघ असली आणि तेवढीच हललेली असली तर, उसव. मी मुद्दाम करत नव्हते. मुद्दाम केलं असतं तर एखाद्या दिवशी लाज वाटून थांबले असते. मला खरंच ती टीप जास्त हललेली दिसायची. रेघांच्या टेबलाकडे उसवायला जाणारा ढीग रोज वाढायचा आणि तो ढीग बघून माझी खात्री पटायची की रेघांच्या बायका धसमुसळ्या आहेत. ढीग मीच घालत होते आणि मीच तो बघत होते.

मेच्या मध्यावर आमच्या कटिंग मास्तरांच्या हातून घोटाळा झाला. त्यांच्याकडच्या रेघांच्या पट्ट्या संपल्या. मी तालुक्याला लग्नाला गेले होते. त्यांनी रेघांच्या टेबलावरच्या दोन बंडलांना चौकड्याच्या पट्ट्या बांधल्या आणि मला सांगायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी ती बंडलं माझ्यापुढे आली. कॉलर बघून मला भरून आलं. मी उठले, एक शर्ट घेतला आणि सरळ रेघांच्या टेबलाकडे गेले. तिथं मोठ्यानं म्हणाले, "बघा जरा. याला शिलाई म्हणतात. असं शिवायला शिका आमच्या टेबलाकडून."

मशीन थांबली. मल्लम्मानं हात पुढे केला. शर्ट घेतला, कॉलरचं टोक अंगठ्यानं चाचपलं.

"हे माजंच हाय."

"अक्का, पट्टी बघ की. चौकडा आहे."

"पट्टी काय बघलालीस? टोक बघ. हे कात्रीनं काढलेलं न्हाय, दोऱ्यानं वडलंय. हितं दोऱ्यानं कोण वडतंय, सांग."

मागून मास्तर बारीक आवाजात म्हणाले, "ताई, ते माझ्याकडनं झालंय. पट्ट्या संपल्या होत्या."

रेघांच्या बायका अशा हसल्या की रस्त्यावर ऐकू गेलं असेल. शमीमनं तर मशीनवर डोकं टेकवलं. मल्लम्मा हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं ती वाट बघत होती. त्या क्षणी मी "चुकलं गं अक्का" म्हणाले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं, तीही हसली असती.

मी म्हणाले, "एखादं निघतं चांगलं."

आणि जागेवर येऊन बसले. मागून चौकड्यांची सुनंदा म्हणाली, "जाऊ द्या ओ ताई, त्या मुद्दाम करत्यात." मला ते ऐकून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा मला आजही राग येतो.

जूनमध्ये शेठनी विचारलं, बारमाही कोणाला ठेवायचं. मला माहीत होतं की मल्लम्माला खोकला आहे. सीझन संपला की ती विड्या वळायला बसायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, घरभर ती धूळ. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की विडी सोडा, नाहीतर छाती राहणार नाही. तिनं मला ते बसमध्ये सांगितलं होतं, सीझनच्या आधी, डबा एक होता तेव्हा. "बारमाही मिळालं तर सुटंन गं," म्हणाली होती. मी म्हटलं होतं, "तुझ्याशिवाय कोणाला मिळणार?"

मी शेठना सुनंदाचं नाव सांगितलं.

सुनंदा वाईट नव्हती, हीच अडचण आहे. हात बरा होता, खाडा नव्हता, बोलायला गोड. वाईट असती तर मला माझं मला दिसलं असतं. मल्लम्माचा मला राग नव्हता, द्वेष तर नव्हताच. मी तिचं काही वाईट केलं नाही, फक्त सुनंदाचं थोडं चांगलं केलं, असं मी बराच काळ स्वतःला सांगत होते. पण जागा एकच होती.

मल्लम्मानं मला गेटजवळ गाठलं. पावसाळी हवा होती, पाऊस नव्हता.

"माज्या शिलाईत काय कमी हाय, एवढं सांग."

"तुमच्या टेबलाचं उसवायला लई येत होतं, अक्का. शेठ ढीग बघतात."

"कोण उसवाय लावत होतं?"

"बस चुकेल," मी म्हणाले.

बस आम्हाला एकच होती. ती मागच्या दारानं चढली, मी पुढच्या. ती म्हणाली होती 'माज्या शिलाईत' आणि मी उत्तर दिलं होतं 'तुमच्या टेबलाचं', हे मला घरी जाऊन भाकरी थापताना लक्षात आलं. नऊ वर्षं जिच्या हाताची चटणी खाल्ली ती बाई मला दिसलीच नव्हती, तिच्या बंडलावरची चिंधी दिसली होती.

पुढच्या सीझनला मल्लम्मा आली नाही. आम्ही गल्ली सोडून अपार्टमेंटमध्ये आलो. सुनंदा तीन वर्षांनी मुलाकडे पुण्याला गेली. तेव्हापासून शेठ सॅम्पल बाहेरूनच शिवून घ्यायचे, त्यामुळे नाव देण्याचा प्रश्न आला नाही. गेल्या संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत मल्लम्मा दिसली. पाळण्यांच्या पलीकडे नातीला घेऊन उभी होती, खोकत होती. मला बघितलं तिनं. मी बांगड्यांच्या दुकानाकडे वळले. मला बांगड्या घ्यायच्या नव्हत्या.

पूर्वीच्या त्या गल्लीच्या, भाषेच्या भिंती मी वाईट समजत होते. होत्याच. पण त्यांच्यात निदान काहीतरी होतं: एक बोली, एक देव, एकमेकींच्या बाळंतपणात केलेली धावपळ. मी त्या पाडून त्यांच्या जागी जे उभं केलं त्यात काही म्हणजे काहीच नव्हतं. पोत्यातली चिंधी. आणि त्यासाठी आम्ही जास्त भांडलो. माणसाला 'आपलं' म्हणायला किती कमी पुरतं याचा हिशेब कोणी मांडू नये. मांडला तर झोप येत नाही, आणि सकाळी सहाला उठावं लागतं.

दुपारी पट्ट्या वाटल्या. एका टेबलाला चौकड्याच्या, एका टेबलाला रेघांच्या. मुली आता मोबाइलवाल्या आहेत, तासाभरात दोन ग्रुप झाले, दोन्हींना नावं दिली, फोटो लावले. चारच्या सुमाराला चौकड्यांची एक नवीन मुलगी माझ्याकडे कात्री घेऊन आली.

"ताई, ही कात्री त्या टेबलाची आमच्याकडं आलीय."

"कशावरून त्यांची?"

"बोथट हाय की."

ती कात्री सकाळी मीच पेटीतून काढून तिच्या टेबलावर ठेवली होती. मी ती परत पेटीत टाकली. थकायला होतं. हे सगळं पुन्हा पहिल्यापासून बघायचं, शेवट माहीत असताना.

बारमाहीसाठी आठ जणींनी एकेक कॉलर शिवून दिली. आठ कॉलरी माझ्या टेबलावर आल्या, प्रत्येकीला पट्टी. मी पहिली उचलली. चौकडा. उचलल्याबरोबर मला ती आवडली. अजून टोक बघितलं नव्हतं, टीप बघितली नव्हती. आज माझ्या मनगटाला पट्टी नाही, मी कोणत्याच टेबलाची नाही, आणि तरी हात आधी चौकड्याकडेच गेला होता. चौदा वर्षं कशी काढली कोण जाणे, ती चिंधी आत कुठंतरी बांधलेलीच होती.

मी कॉलर खाली ठेवली. मास्तरांना हाक मारली. तेच मास्तर, आता जाड चष्मा. म्हटलं, "सगळ्या पट्ट्या काढा. कॉलरच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं नंबर घाला. कोणता नंबर कोणाचा ते कागदावर लिहा आणि कागद तुमच्या खिशात ठेवा. मला दाखवू नका."

"का ओ ताई?"

"मला बघता येत नाही म्हणून."

"डोळे तपासून घ्या मग."

"ते बरे आहेत."

१३ एप्रिल. सकाळी सहाऐवजी पाचला उठले आणि साडेपाचला निघाले. आठ कॉलरी पिशवीत. जुन्या गल्लीत रिक्षा जात नाही, कोपऱ्यावर उतरले. मल्लम्मा उंबऱ्याशी बसली होती, मांडीवर सूप. मला बघून तिनं सूप बाजूला केलं नाही. आत ये म्हणाली नाही. मी पायरीवर बसले, पिशवी तिच्यापुढे ठेवली.

"अक्का, यातली एक काढ. बारमाहीसाठी."

तिनं हात पदराला पुसले. एक कॉलर उचलली, उलटीसुलटी केली.

"पट्टी कुटं गेली?"

"काढली."

"लई उशिरा काढलीस."

"व्हय," मी म्हणाले.

तिला खोकल्याची एक उबळ आली, ती थांबेपर्यंत मी बसून राहिले. मग तिनं आतून चष्मा मागवला. एकेक कॉलर घेतली, अंगठ्यानं टोक दाबलं, बाजूला टाकली. "हिनं घाई केलीय." "हिची टीप बरी, पण टोक भोसकलंय." सहा गेल्या. सातवी तिनं जवळ धरली, आठवी बघून बाजूला टाकली, सातवी परत एकदा बघितली आणि माझ्या हातात दिली.

"टोक हिलाबी येत न्हाय. पण हात शांत हाय. सांग तिला, कात्री नको म्हणावं, दोरा घाल." मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "लावून दे एकांद्या दिवशी हिकडं. आता धा मिंटापेक्षा जास्त बोलवत न्हाय मला, पण तेवढ्यात दाखवीन."

कोणाची आहे, हे तिनं विचारलं नाही. मला सांगताही आलं नसतं.

कारखान्याच्या गेटवर मास्तर भेटले. सातवी कॉलर त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "नंबर बघा आणि नाव थेट वर ऑफिसात सांगा. मला संध्याकाळी कळलं तरी चालेल."